म्हणजे

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या आयुष्यात एक शब्द फार महत्त्वाचा असतो, आणि गंमत अशी की तो शब्द इंग्रजी नसतो. तो आपला साधा 'म्हणजे'. 'ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक', 'ड्यूटी म्हणजे कर्तव्य', 'रिलिजन म्हणजे धर्म'. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात वाक्यात उपयोग. पहिले दोन रकाने पाठांतराचे आणि तिसरा बुद्धीचा, असे मानले जाई. प्रत्यक्षात तिसरा रकानाही बहुधा गाइडातूनच उतरे. या पद्धतीची थट्टा करण्यात दोन पिढ्या गेल्या, संभाषणातून भाषा शिकवावी असे सांगणारे तज्ज्ञ आले आणि गेले, तरी ते तीन रकाने काही हलले नाहीत. आज स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडा, नाही तर मोबाइलवरचा कोश उघडा. शब्द, अर्थ, वाक्य हाच क्रम तिथे थाटात बसलेला दिसेल.

ही पद्धत चांगली की वाईट, याचा काथ्याकूट मला करायचा नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. तिसऱ्या रकान्यात मूल जे वाक्य लिहिते, ते कोण बोलत असते? 'माय फादर इज ॲन ऑनेस्ट मॅन' असे दहा वर्षांच्या मुलाने लिहिले, तर त्याने आपल्या वडिलांविषयी काही विधान केले का? केले असेल, तर ते खरे की खोटे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आणि केले नसेल, तर जिच्यात वर्षानुवर्षे काहीही न सांगता वाक्ये लिहिता येतात, अशी भाषा पुढे त्याच्या तोंडी कशी वागेल?

आधी 'म्हणजे' या शब्दाकडेच पाहू. जुन्या मराठीत 'म्हणिजे' असे कर्मणी रूप होते, 'म्हटले जाते' या अर्थाचे. त्यात कोण म्हणते ते सांगण्याची सोय नाही. सगळेच म्हणतात, म्हणून म्हणणाऱ्याचे नाव गळून गेले. आमच्या या सीमेवरच्या मुलुखात आणखी एक मौज दिसते. कन्नडमध्ये 'म्हणजे'च्या जागी 'अंदरे' येते. 'अन्नु' हा तिकडचा म्हणण्याचा धातू. 'अंदरे' याचा शब्दशः अर्थ 'म्हटले तर'. कोकणीतले 'म्हळ्यार' हेही तसेच, 'म्हटल्यास'. दोन भाषा एका कुळातल्या, तिसरी दुसऱ्या कुळातली. पण अर्थ सांगण्याची वेळ आली की तिघीही 'म्हणण्या'चाच पदर धरतात. हा शेजाराचा गुण की माणसाच्या मनाचा, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा.

इंग्रजीने मात्र दुसरे क्रियापद निवडले. 'मीन' याचा जुना अर्थ मनात असणे, हेतू धरणे. 'आय मीन इट' असे इंग्रज म्हणतो तेव्हा त्याला इतकेच सांगायचे असते की जे बोललो ते नुसते बोललो नाही, त्यामागे मी उभा आहे. आपण त्यासाठी 'मनापासून सांगतो' म्हणतो, नाही तर सरळ शपथ घालतो. व्युत्पत्तीवरून समाजाचा स्वभाव ठरवण्याचा पोरखेळ मी करणार नाही. शब्द कसेही बनोत, खोटे बोलणारे सगळीकडे सारखेच. पण अर्थाला दोन बाजू असतात, हे या दोन क्रियापदांनी चांगले दाखवून दिले आहे. एक, लोक काय म्हणतात. दुसरी, मी काय मनात धरून बोलतो. वहीचे पहिले दोन रकाने लोकांच्या म्हणण्याचे. तिसरा माझ्या म्हणण्याचा असायला हवा होता, आणि घोटाळा झाला आहे तो तिथेच.

मूल शब्द कसा शिकते, याचा आपल्या मीमांसकांनी फार बारकाईने विचार केला होता. त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. घरातला वडीलधारा माणूस दुसऱ्याला सांगतो, 'गाय आण.' तो उठतो आणि एक प्राणी घेऊन येतो. बाजूला बसलेले मूल हे पाहते. त्याला शब्द कळलेले नसतात, पण त्या आवाजाने हे काम झाले, एवढे कळते. मग तो वडीलधारा म्हणतो, 'गाय बांध', आणि 'घोडा आण'. एक शब्द काढला, दुसरा घातला. तेवढ्याने समोरची घटना बदलली. या काढण्याघालण्यातून मूल 'गाय' आणि 'आण' यांना वेगळे करते. कुमारिलभट्टांचा पक्ष असा की शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ जोडले जातात. प्रभाकराचा पक्ष असा की जोडलेल्या अर्थाखेरीज शब्दाला सुटा अर्थ सांगताच येत नाही. भर्तृहरी त्याहून पुढे गेला. त्याच्या मते वाक्य हेच खरे. शब्द हे आपण सोयीसाठी पाडलेले त्याचे तुकडे. नैयायिकांनी शब्दाचा अर्थ कळण्याची आठ साधने मोजली, त्यांत कोशालाही जागा दिली. पण शिरोमणी मानले ते वडीलधाऱ्यांच्या व्यवहाराला. ज्या देशात अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा होती, तिथे कोशाला आठांतला एक म्हणून बसवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

माझे लक्ष त्या वादापेक्षा त्या गाईकडे अधिक जाते. 'गाय आण' म्हटल्यावर गाय येते. न आल्यास बोलणारा पुन्हा बोलतो, रागावतो, स्वतः उठतो. त्या वाक्याला बोलणारा आहे, ऐकणारा आहे, आणि खरे-खोटे ठरवायला अंगणात उभे असलेले जनावर आहे. वहीतल्या वाक्याने गाय हलत नाही. 'ब्रिंग द काऊ' असे मुलाने शंभरदा लिहिले तरी अंगण रिकामे ते रिकामेच.

जाता जाता एक गोष्ट टोचते तीही सांगून टाकतो. मीमांसकांच्या त्या आदर्श प्रसंगात पहिले वाक्य हुकमाचे आहे. सांगणारा बसून असतो आणि आणणारा उठतो. साहेब आणि मडमा यांच्यासाठी हिंदुस्थानी शिकवणारी जी पुस्तके निघाली, त्यांतही पाणी आण, घोडा तयार ठेव, उद्या लवकर ये, अशा हुकमांचीच गर्दी असे. कोणती वाक्ये आधी शिकायची हे ठरते, तेव्हाच शिकणाऱ्याने जगात कुठे बसायचे हेही ठरून जाते. आमच्या मुलांच्या वाट्याला इंग्रजीतली कोणती वाक्ये आधी आली, ते पुढे येईलच.

नमुन्याचे वाक्य निरागस नसते, हे कोशकारांना पहिल्यापासून ठाऊक होते. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. शब्दाचा अर्थ देऊन तो थांबला नाही. चांगल्या ग्रंथकारांची लाखाहून अधिक अवतरणे त्याने त्यात घातली. शब्द स्पष्ट करता करता वाचकाला काही शहाणपण, काही धर्मबुद्धीही मिळावी, असा त्याचा मानस होता आणि तो त्याने लपवला नाही. थॉमस हॉब्जचे विचार त्याला पटत नसत, म्हणून हॉब्जची वाक्ये त्याने मुद्दाम टाळली. हॉब्जची इंग्रजी काही वाईट नव्हती. पण ज्याचे वाक्य मुलाच्या तोंडी घालायचे, त्याचे मत आपण त्याच्या घरात सोडतो आहोत, हे जॉन्सनला कळत होते. त्याची निवड एकांगी म्हणता येईल. मला ती प्रामाणिक वाटते.

नंतरचे कोश शास्त्रीय झाले आणि त्यांचे पक्षपात दिसेनासे झाले. मायकेल वेस्ट हा शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे, या खटपटीतून त्याची मोजक्या शब्दांची कल्पना वाढली, आणि १९३५ साली त्याने सगळे अर्थ सुमारे दीड हजार शब्दांतच समजावणारा कोश काढला. आपल्याकडे घरोघर दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश मुळात हॉर्नबीने जपानी मुलांसाठी टोकियोत तयार केला. तो तिथे १९४२ साली छापला गेला, आणि ऑक्सफर्डने तो १९४८ साली आपल्या नावाने काढला. ढाका आणि टोकियो इथल्या मुलांच्या अडचणींतून घडलेली इंग्रजी आपण विलायती समजून पाठ करत आलो. १९८७ साली कोबिल्ड कोश आला. कोशकाराने मनाने वाक्ये रचायची नाहीत, लोकांनी खरोखर वापरलेलीच घ्यायची, असा त्याचा दंडक होता. प्रश्न सुटला असे वाटले. पण २०१६ साली 'रॅबिड' या शब्दापुढे, म्हणजे पिसाळलेला या अर्थाच्या शब्दापुढे, ऑक्सफर्डच्या एका कोशाने नमुना म्हणून स्त्रीवादी बाई उभी केली आहे, याकडे एका मानववंशशास्त्रज्ञाने बोट दाखवले आणि बरीच ओरड झाली. असे शब्दप्रयोग लोकांच्या लेखनात सापडतातच, हा कोशाच्या बाजूचा बचाव. सापडतात, कबूल. पण हजार सापडले असतील तर त्यांतला एक कोणी तरी उचलला. त्या उचलणाऱ्याच्या हातालाच आपण निवड म्हणतो.

याच्या उलट बाजूला बसतो विट्गेन्श्टाइन. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहा, असे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झाला. पण त्याआधी हा माणूस ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता, आणि १९२६ साली त्याने मुलांसाठी काही हजार शब्दांचे एक शुद्धलेखनाचे पुस्तक छापले होते. मुलाच्या हाती असा कोश असला म्हणजे आपल्या लेखनाची जबाबदारी त्याच्यावर पुरती टाकता येते, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी एका मुलाला मारल्याचे प्रकरण झाले आणि त्याने शाळा सोडली, हेही इथे नोंदवले पाहिजे. शब्दाविषयीचे शहाणपण आणि मुलांविषयीचा धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसऱ्या रकान्याकडे वळू. 'रिलिजन म्हणजे धर्म' हे समीकरण शाळेत आपण इतक्या सहज पाठ केले, की त्याने आपल्या डोक्यात काय उलथापालथ केली ते कळलेच नाही. पाण्याचा धर्म वाहणे, राजाचा धर्म प्रजापालन, शेजारधर्म, पुत्रधर्म ही सगळी घरे असलेला एक वाडा होता. समीकरणाने त्यातल्या एका खोलीला दिवा लावला आणि बाकीचा वाडा अंधारात गेला. मग 'सेक्युलर' आला. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो राज्यघटनेच्या उद्देशिकेत गेला. मराठी पाठात तिथे 'धर्मनिरपेक्ष' आहे. हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे. कन्नड वर्तमानपत्रे राजकारणाच्या बातम्यांत सर्रास 'जात्यतीत' लिहितात. सेक्युलर जनता दलाच्या नावातही तोच शब्द आहे. बेळगावच्या एखाद्या पेपरवाल्यासमोर उभे राहून तीन भाषांतले मथळे वाचणाऱ्या माणसाला हे एकाच दृष्टिक्षेपात दिसते. मराठीत राज्याने धर्माकडे पाहायचे नाही, हिंदीत पंथाकडे पाहायचे नाही, कन्नडमध्ये जातीच्या पलीकडे जायचे. एकाच इंग्रजी शब्दाचा 'अर्थ' सांगताना तिघांनी आपापल्या घरातले सर्वांत नडणारे फर्निचर बाहेर काढले, असे कोणी म्हटले तर मी हसेन, पण नाही म्हणणार नाही.

शेजारच्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दाचे धोके तर याहून गोड असतात. कन्नड मथळ्यात 'मतांतर' वाचून नवखा मराठी वाचक समजतो की कुठे तरी मतभेद झाला. तिथे गोष्ट चाललेली असते धर्मांतराची. शब्द तोच, संस्कृतातून आलेला, स्पेलिंगही तेच. आणि 'कास्ट म्हणजे जात' हे लिहिताना गोव्याच्या शेजारी बसलेल्या आपल्या मुलांना कोणी सांगत नाही की तो इंग्रजी शब्द पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून आला. कुळी, वाण, जनावराची पैदास अशा अर्थाचा तो शब्द. पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी आमच्याकडे पाहिले, त्यांना हा शब्द सुचला. पुढे तो इंग्रजीत गेला आणि शाळेच्या वहीतून आमच्याकडे परत आला, जणू आमच्याच शब्दाचा तो अर्थ आहे. दुसऱ्याने आपल्याला कसे पाहिले, तेच आपण 'म्हणजे'च्या उजवीकडे लिहून पाठ केले.

पण हे सगळे पंडितांचे दुःख. रोजच्या जगण्यात खरा घोटाळा तिसऱ्या रकान्याने केला. आमच्या मुलांना इंग्रजीतली पहिली लांब वाक्ये भेटली ती अर्जात. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. गाइडातल्या नमुन्यात मुलाला ताप आलेला असे, म्हणून सगळ्यांनाच ताप येई. घरी मावशीचे लग्न असो, सौंदत्तीची यात्रा असो, मृगाच्या पेरणीला हात कमी पडत असोत, इंग्रजी अर्जात 'सफरिंग फ्रॉम फीव्हर'. कारण लग्नाचे वाक्य पाठ नव्हते. गुरुजींना लग्न ठाऊक असे, ते स्वतः जेवून आलेले असत, तरी अर्ज मंजूर होई, कारण इंग्रजी शुद्ध होती. मराठीत ते मूल सहसा एवढे धडधडीत खोटे लिहिते ना. इंग्रजीत त्याला ते खोटे वाटलेच नाही. तो तर 'वाक्यात उपयोग' होता. पुढे ते मूल मोठे झाले, कचेरीत लागले, आणि 'आय बेग टू स्टेट', 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड', 'काइंडली डू द नीडफुल' लिहू लागले. भीक कोणी मागत नव्हते, ऋणी कोणी होणार नव्हते. कागद तेवढा पुढे सरकत होता.

'सॉरी'चे उदाहरण याहून बारीक आहे. इंग्रजीत या शब्दाचे नाते दुखण्याशी आहे. मला आतून लागले, असे तो मुळात सांगतो. आपल्याकडे घरात आईची क्षमा कोणी मागत नाही. मूल म्हणते, 'चुकलं माझं.' त्यात दुखण्याविषयी काही नाही, कबुली आहे. 'सॉरी म्हणजे माफ करा' हे समीकरण घेऊन आलेल्या मुलाने 'सॉरी' म्हटले, तेव्हा इंग्रजी शब्दातले दुखणे त्याच्याकडे आले नव्हते आणि मराठी वाक्यातली कबुली त्याने मागे ठेवली होती. दोन भाषांच्या मधल्या फटीत तो मोकळा सुटला. आता 'सॉरी' हा शब्द मराठीच झाला आहे, त्याला हाकलायचे कारण नाही. पण 'चुकलं' म्हणायला जी मान खाली घालावी लागते, ती 'सॉरी'ला लागत नाही, हे आपण सगळे जाणतो आणि म्हणूनच तो वापरतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग परकी भाषा ही खोटे बोलण्याची सोय झाली. एवढे सोपे असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. ज्या शब्दामागे माझ्या घराची आठवण उभी नसते, तो पोकळ असतो, खरे. पण पोकळ जागेतच माणसाला हात-पाय पसरता येतात. 'यू' हा शब्द घ्या. वहीत त्याच्यापुढे लिहिले जाते 'तू, तुम्ही, आपण'. अख्खा गावगाडा त्या दोन स्वल्पविरामांत बसलेला आहे. पांढरे केस झालेल्या माणसालाही जातीपायी पोराटोरांकडून 'अरे-तुरे' ऐकावे लागे, आणि शेंबड्या मालकालाही 'आपण' म्हणावे लागे. कन्नडमध्येही 'नीनु' आणि 'नीवु' यांच्यात तीच भिंत. ज्याने आयुष्यभर 'तू' ऐकले, त्याला कलेक्टर आणि शिपाई दोघांनाही एकच 'यू' पुरतो, हे व्याकरण शिकताना काय वाटले असेल? इंग्रजीतही पूर्वी 'दाऊ' होता, आपल्या 'तू'सारखा. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी हट्ट धरला की देवापुढे सगळे सारखे, तर लहानथोर सर्वांना 'दाऊ'च म्हणू, आणि त्यापायी बड्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे इंग्रजीने उलटा मार्ग धरला आणि सगळ्यांनाच वरच्या पायरीवर घेतले. हा इतिहास आमच्या मुलांना कोणी शिकवला नाही, पण त्याचे फळ तीन अक्षरांच्या स्पेलिंगमधून त्यांच्या हाती पडले. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटले, ते नुसत्या नोकरीच्या आशेने म्हटलेले नाही.

बायकांच्या बोलण्यात तर हे आजही ऐकू येते. 'पिरियड्स' हा शब्द मुलगी वडिलांसमोर उच्चारू शकते. मराठीत त्यासाठी जे शब्द आहेत, त्यांच्याभोवती अजून कोपऱ्यातले घोंगडे आणि वेगळे ताट आहे. इथे शब्दामागे घर नसणे हीच सुटका.

म्हणजे पोकळी दोन प्रकारची. एकीत माणूस लपतो, दुसरीत उभा राहतो. शब्द तोच असला तरी हा भेद कसा ओळखावा? मला वाटते, ते वाक्य कोणाला उद्देशून आहे, एवढे विचारले की पुरते. 'यू' म्हणणाऱ्यासमोर कोणी तरी उभे असते. 'पिरियड्स' म्हणणारी मुलगी त्या दिवशी शाळेत का जात नाही, हे खरेच सांगत असते. रजेच्या अर्जातला ताप मात्र कोणालाच आलेला नसतो आणि तो कोणाला खराही वाटत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. नट रंगमंचावर 'मी तुझा खून करीन' म्हणतो, त्याला कोणी पकडत नाही. गवई पहाटे रियाजाला बसतो, तेव्हा बंदिशीतला विरह त्याला झालेला नसतो. तसे वहीतले वाक्य हा रियाज आहे, त्याला खऱ्याखोट्याची कसोटी का लावता? मान्य. दहा वर्षांच्या पोराला वडिलांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मागणारा मास्तर वेडाच म्हणावा लागेल. पण रियाजाला पुढे मैफल असते, आणि गवयाला पक्के ठाऊक असते की मैफल निराळी. आमच्या इंग्रजीला बहुतेकांच्या आयुष्यात मैफलच मिळाली नाही. वहीतून परीक्षा, परीक्षेतून अर्ज, अर्जातून कचेरी. रियाजच चालू राहिला आणि त्यालाच आम्ही बोलणे समजलो.

तेव्हा मास्तरांनी पुराव्याच्या भानगडीत पडू नये, पण एक साधा प्रश्न विचारून पाहावा. 'रिलक्टंट म्हणजे नाखूश' झाले, गाइडातले 'ही वॉज रिलक्टंट टू गो' हेही झाले. आता मुलाला विचारावे, तुला काय करायची इच्छा नसते रे? एखादा म्हणेल, पहाटे उठून डेअरीवर दूध घालायला जायची. एखादी म्हणेल, आजोळी जायची, कारण तिथे मामा पिऊन येतो. तो शब्द त्या मुलीच्या तोंडून मोडक्या इंग्रजीत बाहेर पडेल तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होईल. क्रियापद चुकलेले असेल, आणि अंगणात गाय आलेली असेल. मात्र असे विचारायचे तर ऐकायची तयारी पाहिजे, आणि साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासात ती कुठून आणायची, हे मला सांगता येत नाही. गाइडाचे वाक्य का टिकले, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे.

आता तर गाइडाचीही गरज उरली नाही. कोणताही शब्द यंत्राला विचारा, ते पापणी लवायच्या आत दहा वाक्ये पुढे टाकते, व्याकरणात निर्दोष, ऐकायला भारदस्त. तक्रार यंत्राविषयी नाही. 'म्हटले जाते' हे कर्मणी रूप शेवटी इतके पूर्ण झाले, की आता म्हणणारा शोधूनही सापडत नाही, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. गाइड लिहिणारा निदान कोल्हापूर-पुण्याकडचा कोणी गरजू शिक्षक असे, त्याला कधी तरी खरोखरच ताप आलेला असे.

काही शब्द असे आहेत की त्यांच्यापुढे तिन्ही रकाने लुळे पडतात. 'प्रॉमिस' हा त्यांतला एक. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवले की 'मी वचन देतो' हे वाक्य कशाचे वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हेच वचन देणे. रंगमंचावर किंवा कवितेत ते उच्चारले तर वचन पोकळ ठरते, असे सांगून त्याने ती बाजू तेवढ्यापुरती दूर ठेवली. शाळेच्या वहीचा विचार त्याने केला नसावा. तिथे रोज हजारो वचने दिली जातात. 'प्रॉमिस म्हणजे वचन. आय प्रॉमिस टू रिटर्न युअर बुक टुमॉरो.' खाली लाल शाईची खूण, दोनपैकी दोन गुण. शेजारच्या बाकावरचा मुलगा, ज्याचे पुस्तक खरोखरच महिनाभर याच्याकडे पडून आहे, तो ते वाक्य वाचतो आणि आपल्याही वहीत उतरवून घेतो.